दणकट नावाचा हलका रॉड: एका ब्रँडच्या टिकाऊपणाची तपासणी

नवशिक्यांना गळाने मासे धरायला शिकवणारा एक गट आहे. त्यांना बारा रॉड घ्यायचे आहेत: स्पिनिंग, 7 फुटी, दोन तुकड्यांचे, मध्यम ताकदीचे, 7 ते 21 ग्रॅमच्या लूरसाठी (नकली आमिषासाठी). हे रॉड कुणा एकाच्या मालकीचे नसणार, हातोहाती फिरणार. आधीच्या वीस रॉडपैकी सात एकाच हंगामात मोडले होते, म्हणून या वेळी "नाव असलेला" ब्रँड घ्यायचा असं ठरलं. ब्रँडचं नावही दोन मिनिटांत एकमताने निघालं. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, कारण चौकशी केली तर निम्मे लोक त्या ब्रँडवर जीव ओवाळून टाकत होते आणि निम्मे शिव्या घालत होते.

हे प्रकरण रीत दाखवण्यासाठी जुळवलेलं आहे. त्यातला गट, ब्रँड आणि नोंदींचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. रॉड का मोडतो याची कारणं मात्र कुठल्याही ब्रँडला तशीच लागू पडतात.

एक नाव, दोन रॉड

स्तुती करणाऱ्यांचं बोलणं एका साच्याचं होतं. "सहा वर्षं झाली, दोनदा गाडीच्या डिकीत दबला, अजून ठणठणीत आहे." तक्रारीही एका साच्याच्या होत्या. "तिसऱ्या खेपेला फटकन मोडला, मासा तर वीतभरसुद्धा नव्हता." गटातल्या काहींचं मत पडलं की तक्रारवाल्यांना रॉड वापरता येत नाही. काहींना वाटलं की जुनी स्तुती विकत घेतलेली आहे. दोन्ही तर्क घाईचे होते.

मॉडेल क्रमांक मागून घेतल्यावर गाठ सुटली. ब्रँडच्या नावाखाली दोन मालिका विकल्या जात होत्या. जुनी मालिका काचतंतू आणि कार्बन यांच्या मिश्रणाची, जाड भिंतीची, वजन 168 ग्रॅम. नवी मालिका "30 टन" कार्बनची, सडपातळ, वजन 114 ग्रॅम, आणि बाजारात येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झालेली. म्हणजे "पाच वर्षं टिकला", "सहा वर्षं टिकला" असं म्हणणारा प्रत्येक जण जुन्या मालिकेबद्दलच बोलत असणार. नव्या मालिकेला पाच वर्षं टिकायची संधीच मिळालेली नव्हती. तरीही नव्या मालिकेच्या वेष्टनावर "पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास" वगैरे छापलेलं होतंच.

असं होणं या धंद्यात नवं नाही. फेनविक कंपनीने 1973 साली ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनतंतूचा रॉड बाजारात आणला आणि वजनाची सगळी गणितं बदलली. तीनच वर्षांनी, 1976 साली, शेक्सपियरने अग्ली स्टिक आणला. त्यात मुद्दाम काचतंतू आणि ग्रॅफाइट एकत्र केले होते, आणि "मोडत नाही तो रॉड" ही त्याची ओळख आजवर टिकली. ही ओळख शेक्सपियर या शब्दाची नव्हे, त्या विशिष्ट बांधणीची आहे. मालकी बदलली तरी नाव तेच राहतं, हेही लक्षात घ्यावं लागतं. जी. लूमिस ही कंपनी 1997 साली शिमानोकडे गेली आणि ज्या गॅरी लूमिस यांच्या नावाने ती ओळखली जाते त्यांनी पुढे वेगळ्या नावाने ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती नळी, बनवायला सुरुवात केली. तेव्हा रॉडवर कुणाचं नाव आहे आणि तो कुणाच्या हातून घडला आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. एकाच कारखान्यातून निरनिराळ्या नावांचे रॉड बाहेर पडतात, आणि एकाच नावाचे रॉड निरनिराळ्या कारखान्यांतून येतात.

तक्रारी कशा वाचल्या

गटाने साठ तक्रारी उतरवून काढल्या. त्यातल्या "बेकार", "पैसे वाया" छापाच्या बाजूला ठेवल्या. मॉडेल कुठलं, मोडला कुठे आणि काय करताना, या तीनपैकी किमान दोन गोष्टी ज्यात होत्या अशा 34 उरल्या. त्यांतल्या 27 नव्या मालिकेच्या, 7 जुन्या.

इथे पाय घसरतो. 27 आणि 7 पाहून नवी मालिका चौपट वाईट असं म्हणावंसं वाटतं. पण कुठल्या मालिकेचे किती रॉड विकले गेले हे ठाऊक नसताना त्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. शिवाय नवा माल घेणारा लगेच बोलतो, आणि पाच वर्षं वापरलेला रॉड मोडला तर कुणी तक्रार लिहीत बसत नाही. किती मोडले हे या कागदांवरून कळणार नव्हतं. कुठे मोडले, हे मात्र कळत होतं.

नव्या मालिकेच्या 27 पैकी 15 तक्रारी शेंड्याकडच्या एक तृतीयांश भागातल्या होत्या, 6 जोडाच्या, 4 गाइडची, म्हणजे लाइन (गळाची दोरी) ओवायच्या कडीची, आतली रिंग निघाल्याच्या आणि 2 मुठीच्या. जुन्या मालिकेच्या सातांत 4 रिंगांच्या, 2 रील सीट, म्हणजे लाइन गुंडाळायची चक्री (रील) बसवायची जागा, ढिली झाल्याच्या आणि 1 जोडाची. ब्लँक मधूनच मोडल्याची जुन्या मालिकेत एकही नव्हती. रिंगांची तक्रार दोन्हीकडे होती, म्हणजे गाइड दोन्ही मालिकांना बहुधा एकाच दर्जाचे बसवले जात होते. शेंडा मोडण्याची तक्रार फक्त नव्याची होती, आणि त्या पंधरापैकी आठांत "लहानच मासा होता" असे शब्द होते.

लहान माशावर मोडलेला रॉड हा सगळ्यांत बोलका पुरावा असतो. कारखान्याचा दोष असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही जोरकस ताणांतच बाहेर पडतो. महिनाभर मोठे मासे ओढून रॉड वीतभर माशावर मोडला, तर अर्थ एवढाच की मधल्या काळात त्याला कुठेतरी जखम झाली होती. त्या माशाने फक्त ती उघड केली.

भिंत पातळ का, आणि पातळ झाली की काय होतं

ब्लँक म्हणजे निमुळती पोकळ नळी. राळ लावलेलं तंतूंचं कापड ठरावीक आकारात कापतात, पोलादी निमुळत्या सळईवर गुंडाळतात, वरून फीत ताणून आवळतात, भट्टीत पक्कं करतात आणि मग सळई ओढून काढतात. बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने असतात, ते वाकण्याला विरोध करतात. थोडे आडवे, वेढ्यासारखे असतात, ते नळीचा गोलवा टिकवतात.

काचतंतूची ताठरता साधारण 72 गिगापास्कल, नेहमीच्या कार्बनची 230 च्या आसपास. काचतंतू तुटेपर्यंत पावणेपाच टक्क्यांच्या घरात ताणला जातो, नेहमीचा चांगला कार्बन दोन टक्क्यांच्या आसपास तुटतो, आणि 377 गिगापास्कलचा फार ताठर कार्बन 1.2 टक्क्यांतच. वेष्टनावरचा "टन" हा ताठरतेचाच आकडा आहे, दर चौरस मिलिमीटरला इतके टन. 24 टन म्हणजे सुमारे 235 गिगापास्कल, 30 टन म्हणजे 294. लोक त्याला ताकद समजतात. ती ताकद नव्हे. शिवाय अख्ख्या ब्लँकमध्ये त्या प्रतीचं कापड किती आणि स्वस्त प्रतीचं किती, हे तो आकडा सांगत नाही.

तंतू ताठर असला की तेवढ्याच कडकपणाला कमी थर पुरतात. रॉड हलका होतो, फेक चपळ होते, माशाची टोच हातात लख्ख कळते. हे सगळे गुण खरे आहेत. पण थर कमी म्हणजे भिंत पातळ. वाकताना पोकळ नळीचा गोल छेद चपटा होऊ पाहतो, आणि पातळ भिंत त्याला लवकर बळी पडते. चपटी झालेली नळी एकदम दुबळी होते आणि दाबाकडची बाजू चुरमडते. त्याच पातळ भिंतीवर 14 ग्रॅमचं शिशाचं जिग (जड लूर) फेकताना आपटलं, तर जाड भिंतीवर नुसता ओरखडा उठला असता तिथे इथे तंतू ठेचले जातात. वरच्या रंगाखाली बहुधा काहीच दिसत नाही.

चार रॉड, एक टेबल

दोन्ही मालिकांचे दोन-दोन रॉड आणले, तेही वेगवेगळ्या दुकानांतून, म्हणजे एकाच खोक्यातले जुळे भाऊ हाती लागू नयेत. त्यांना अ, आ (जुने) आणि क, ख (नवे) अशी नावं दिली.

आधी हात फिरवला. कापसाचा बोळा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हलक्या हाताने ओढला की उचकटलेला तंतू किंवा टवका कापूस धरून ठेवतो. कानातल्या कापूसकाडीने प्रत्येक रिंगेची आतली कड पुसली. तडा असेल तर तिथे कापूस अडकतो, आणि असाच तडा पुढे लाइन कापतो. प्रत्येक रिंग अंगठ्याने मागून पुढून दाबली. अ च्या शेंड्याच्या गाइडमधली रिंग किंचित हलली आणि क च्या तिसऱ्या गाइडमधली टचकन बाहेर आली. रॉड नवाकोरा, अजून पाणीही न पाहिलेला. चार तक्रारी तिकडे, चार इकडे, त्यांचा उलगडा टेबलावरच झाला.

गाइड एका ओळीत आहेत का हे बुंध्याकडून एका डोळ्याने पाहिलं. 7 फुटी स्पिनिंग रॉडला शेंड्याचा धरून सात-आठ गाइड असावेत. कमी असले तर रॉड वाकल्यावर दोन गाइडमधली लाइन सरळ जाते, ब्लँक तेवढ्यात तुकड्यातुकड्याने कोनात वाकतो, आणि ताण गाइडच्या पायांशी साचतो. चौघांनाही सात अधिक शेंड्याचा एक असे होते. इथे बोट ठेवायला जागा नव्हती.

जोड पाहताना नराच्या, म्हणजे आत शिरणाऱ्या, बाजूवर पेन्सिलने बारीक रेघ मारली: घट्ट बसवल्यावर मादीचं तोंड जिथे येतं तिथे. अ आणि आ मध्ये नर 61 मिलिमीटर आत जात होता, क मध्ये 58, ख मध्ये 52. जोड नवा असताना पुढे सरकायला थोडी जागा शिल्लक हवी, कारण वापराने नर झिजतो आणि दर हंगामाला जरा खोल बसत जातो. मात्र 52 म्हणजे जास्तच कमी पकड. नर आत पुरेसा गेला नाही की फेकताना सगळा जोर मादीच्या तोंडावर तरफेसारखा येतो आणि ती उभी चिरते. त्या सहा तक्रारींपैकी चारांत "उभी भेग" हे शब्द होते.

मग कडकपणा मोजला. मूठ टेबलाच्या कडेला आडवी क्लॅम्प केली, शेंड्याला पिशवी अडकवली आणि तीत हळूहळू पाणी ओतलं; शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे 71 सेंटिमीटर, खाली येतो तो क्षण पकडायचा आणि पिशवी तोलायची. ही कल्पना विल्यम हॅनेमन यांच्या "कॉमन सेंट्स" पद्धतीची आहे. त्यांनी वजनासाठी 2.5 ग्रॅमची अमेरिकी सेंटची नाणी वापरली, पाण्याने काम तितकंच होतं. अ ला 452 ग्रॅम लागले, आ ला 461. क ला 438 आणि ख ला 497.

जुन्या दोघांत दोन टक्क्यांचा फरक, नव्या दोघांत तेरा टक्क्यांहून जास्त. ख कडक आहे म्हणजे तो वाईट, असं नाही. पण एकाच मॉडेलच्या दोन नगांत एवढं अंतर असेल तर कापड कापण्यात, थर चढवण्यात किंवा घासण्यात हात स्थिर नाही. टिकाऊपणाचा अंदाज घ्यायला एका नगाच्या ताकदीपेक्षा दोन नगांमधला फरक जास्त कामाला येतो. बारा रॉड घेणाऱ्याला तर हाच आकडा आधी हवा.

शेवटी भार. रॉडला रील लावून लाइन सगळ्या गाइडमधून ओवली, मूठ जमिनीशी 45 अंशांत पक्की केली आणि लाइनला पाण्याच्या बाटल्या टांगल्या: अर्धा किलो, एक, दीड, प्रत्येक टप्प्याला एक मिनिट. दीड किलोवर थांबायचं, कारण 10 पौंडी म्हणजे साडेचार किलोच्या लाइनवर ड्रॅग (ठरावीक ताणाला लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) एक तृतीयांशाला लावला तर रॉडला जास्तीत जास्त तेवढाच भार मिळतो. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि रॉडच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. चौघेही टिकले. गाइडच्या पायांशी बारीक कटकट ऐकू आली, पण ती वरच्या लेपाची होती, ब्लँकची नव्हे. लेपाला पडलेला केसासारखा तडा भिंगातून दिसतो, आणि तो तंतूंपर्यंत पोचत नाही.

जाहिरातीत शेंडा ओढून मुठीला टेकवतात, तो प्रकार इथे जाणूनबुजून केला नाही. काचतंतूचा रॉड ते हसत हसत करतो, आणि त्यातून ठेच लागल्यावर काय होईल याचा पत्ताच लागत नाही. दुकानात रॉड छताला टेकवून वाकवणं तर त्याहून वाईट. त्यात फक्त शेंडा मुरगळतो आणि बुंध्याला कळतही नाही.

आठ आठवडे पाण्यावर

चारही रॉड शिकाऊंच्या हाती दिले आणि सोबत एक वही. दर खेपेला पाचच नोंदी: हातात कोण (किती शिकलेला), लाइन कुठली, लूरचं वजन, कितीदा अडकला, आणि रॉडवर काही आपटलं का. शेवटचा रकाना भरायला लोक कां-कूं करतात, म्हणून आधीच सांगितलं की आपटल्याबद्दल कुणालाही बोल लावला जाणार नाही.

सहाव्या आठवड्यात क मोडला. 300 ग्रॅमचा मासा पाण्याबाहेर उचलताना, शेंड्यापासून 31 सेंटिमीटरवर. गटातल्या अर्ध्या लोकांच्या मते निकाल तिथेच लागला होता.

मोडलेलं टोक बॅटरीच्या उजेडात तिरकं धरलं तर गोष्ट वेगळी दिसली. भाराने मोडलेला रॉड बहुधा लांब ठिकऱ्या सोडतो, तंतू झाडूसारखे फाटतात, नळी आधी चपटी होऊन चिरलेली दिसते. इथे मोड जवळपास आडवी, कापल्यासारखी होती. आणि तिच्या कडेला एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका डाग, नखाने दाबला तर किंचित मऊ. राळ फुटून तंतू ठेचले की असा डाग उरतो. वहीत पाच दिवस आधीची नोंद होती: "21 ग्रॅम जिग, मागे झाडाला लागून परत आलं, रॉडवर आपटलं." वजनाच्या अगदी वरच्या मर्यादेवरची लूर, नवखा हात, आणि पातळ भिंत.

कडकपणात वाकडा निघालेला ख मात्र आठही आठवडे टिकला. म्हणजे टेबलावरची विसंगती आणि पाण्यावरची मोड यांचा इथे संबंध नव्हता. लोक असे संबंध फार पटकन जोडतात.

आणि अ, आ दोघेही टिकले याचा अर्थ? जवळजवळ काहीच नाही. जुन्या मालिकेचे निम्मे रॉड मोडत असते तरी चारातून एकदा दोन्ही टिकलेच असते. "माझ्याकडे दोन आहेत, काही झालं नाही" या साक्षीचं वजन एवढंच. बारा रॉड एक हंगाम बिनमोड गेले, तरी मोडण्याचं खरं प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे असू शकतं. अंदाज बांधायचा असेल तर न मोडलेल्या नगांची संख्या घेऊन तीनला तिने भागायचं. ती वरची मर्यादा ढोबळच, पण डोकं ताळ्यावर ठेवते.

वहीतून आणखी दोन गोष्टी निघाल्या. अडकलेलं लूर सोडवताना शिकाऊ रॉड डोक्यामागे नेऊन झटके देत होते. रॉडचा बुंधा आणि ताणलेली लाइन यांच्यातला कोन 90 अंशांच्या बराच पुढे गेला की बुंधा कामातून बाद होतो आणि सगळा भार शेंड्याकडच्या काही सेंटिमीटरवर येतो. मासा पायाशी आल्यावर रॉड उभा करून उचलणं हाही तोच प्रकार. दुसरी गोष्ट लाइनची. रॉडवर 8 ते 14 पौंड लिहिलेलं असतं, ते साध्या, एकाच तंतूच्या मोनो लाइनला धरून. त्या जाडीची ब्रेडेड (विणलेली) लाइन दुप्पट-तिप्पट ताकदीची असते आणि ताणतही नाही. मोनो असती तर आधी लाइन तुटली असती. ब्रेडेडवर आधी रॉड तुटतो. तक्रारींतल्या पंधरा शेंड्यांपैकी निदान सातांत ब्रेडेड लाइन असल्याचं लिहिलेलं होतं, आणि दोष सगळा ब्रँडच्या माथी मारलेला होता.

त्यानंतर नियम केला: लूर अडकलं की रॉड सरळ लाइनच्या रेषेत धरायचा, लाइन एका लाकडी दांडक्याला चार वेढे गुंडाळून दांडक्यानेच ओढायची. हात कापत नाही आणि रॉड वाचतो. अर्ध्या तासाला जोड दाबून पाहायचा, कारण फेकीगणिक तो ढिला होतो.

हमीपत्राचा बारीक टाइप

ब्रँडच्या सेवा विभागाला खरेदीआधीच तीन प्रश्न पाठवले. मोडलेल्या शेंड्याचा तुकडा वेगळा मिळतो का? मोडलेला रॉड पाठवावा लागतो की फोटो पुरतो? सामुदायिक वापराला हमी लागू आहे का?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने सगळ्यांची तोंडं उतरली. "आजीवन हमी" होती, पण पहिल्या खरेदीदारापुरती, वैयक्तिक वापरासाठी, पावतीसकट. आणि आजीवन म्हणजे आपलं आयुष्य नव्हे, मालाचं, तेही कंपनीने ठरवलेलं. आपटणं, दारात सापडणं, पंख्यात जाणं, जास्त भार, झीज हे सगळं वगळलेलं. वगळलेल्या यादीत रॉड मोडण्याची जवळजवळ सगळी कारणं आली, उरला फक्त कारखान्याचा दोष. नव्या मालिकेत मोडला तर अख्खा रॉड सवलतीत बदलून, जुन्या मालिकेत मात्र शेंड्याचा तुकडा सुटा मिळत होता. सामुदायिक वापराच्या दृष्टीने हे वाक्य पूर्ण हमीपत्रापेक्षा मोलाचं निघालं. उत्तर कामाच्या चौथ्या दिवशी आलं, मुद्द्याला धरून आलं, तेही टिपून ठेवलं. विक्रीनंतर ब्रँड कसा वागतो याचा एवढा स्वस्त नमुना दुसरा मिळत नाही.

निर्णय

दहा रॉड जुन्या मालिकेचे, दोन नव्याचे. नवे दोन फक्त शिकवणाऱ्यांच्या हाती, 14 ग्रॅमच्या वर लूर नाही. गटातल्या एकाला हा नव्या मालिकेवर अन्याय वाटला, कारण क मोडण्यात चूक वापरणाऱ्याची होती. ते खरंच आहे. पण नवखे चुका करणार हे आधीच माहीत असताना, एक चूक पचवणारा आणि न पचवणारा रॉड यांत निवड करायची होती. सांभाळून वापरणाऱ्या एकट्या माणसाला हाच अहवाल देऊन नवी मालिका घे असंही सांगता आलं असतं.

जुन्यांच्या शेंड्याचे गाइड मात्र आल्याआल्या बदलले, दहाही. रिंगांवरचा विश्वास टेबलावरच उडाला होता. नळीचा आतला व्यास 1.8, 2.0 आणि 2.2 मिलिमीटर अशा तीन मापांचे गाइड आणून ठेवले. जुना गाइड उकळतं पाणी सोडून मऊ केला की बहुधा सुटतो, कारण तो गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने चिकटवलेला असतो. ब्लँकवर थेट ज्योत धरायची नाही, राळ जळते आणि तिथूनच पुढे मोडतं. नवा बसवताना बाकीच्या गाइडच्या ओळीत फिरवून घ्यायचा, गोंद थंड व्हायला मिनिटभर मिळतं तेवढ्यात.

पहिल्या हंगामाअखेर दहांपैकी एकाचा जोड चिरला, दोन मधल्या गाइडच्या रिंगा गेल्या आणि एक रील सीट सैल झाली. ब्लँक एकही मोडला नाही. जोडाच्या पेन्सिलखुणा सरासरी 3 मिलिमीटर आत सरकल्या होत्या. त्यात वाळूचा कण गेला की तो कानशीसारखं काम करतो, म्हणून खेपेनंतर नर पुसायची सक्ती झाली. जे जास्त सैल झाले त्यांच्या नरावर मेणबत्तीचं मेण चोळलं.

दुसऱ्या वर्षी आणखी सहा रॉडची मागणी नोंदवायची होती. मॉडेल तेच, वेष्टन तेच, चित्र तेच. आलेल्या पहिल्या दोन नगांना तराजूवर ठेवलं तर 151 आणि 153 ग्रॅम भरले, आधीचे 168 होते. मूठ आणि गाइड तेच होते, म्हणजे पंधरा ते सतरा ग्रॅम ब्लँकमधून गेले होते. पिशवीत पाणी ओतलं तर दोघांनाही 450 च्या आसपासच लागले. कडकपणा तोच, भिंत पातळ. उरलेल्या चार रॉडची मागणी थांबवली, दोघांना नवी अक्षरं दिली आणि वहीचं कोरं पान उघडलं.